दोरीचं दुसरं टोक

बहिऱ्या माणसाच्या घरात गुपित म्हणून काही राहत नाही. हे ज्यानं भोगलं त्यालाच कळतं, बाकीच्यांना गंमत वाटते. चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, परकोटाच्या आत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. मी चुलीपाशी उभी राहून "बाबा, मीठ संपलं!" असं ओरडले की बाबांच्या आधी समोरच्या घरातली म्हातारी वाटीभर मीठ घेऊन दारात हजर. मिठाचं ठीक आहे. पण माणसाला मिठाशिवाय दुसरंही काही बोलायचं असतं. आई मी लहान असतानाच गेली होती. तिची आठवण आली, पोटात दुखलं, शाळेत कुणी काही बोललं, हे गल्लीभर ओरडून कसं सांगायचं? एकदा मी पाटीवर लिहून दाखवलं, तर बाबांनी पाटीच उचलून कोनाड्यात उभी केली. "मी का मुका आहो? बोलत जाय तोंडानं!" म्हणाले. मग आम्ही बोलणंच कमी केलं. मीठ, तेल, किल्ली, गिऱ्हाईक आलं, एवढंच. उरलेलं माझ्याच पोटात राहायचं.

बाबा जन्माचे बहिरे नव्हते. तरुणपणी जंगलात हिंडून हिंडून त्यांना हिवताप लागला तो सुटेचना, आणि हिवतापावर तेव्हा औषध एकच, कोयनेल. ताप गेला आणि जाताना कान घेऊन गेला. ते म्हणायचे की कानात सारखा रातकिडा ओरडतो, त्याच्या पलीकडचं काही येत नाही. धंदा फोटोचा. पुढच्या खोलीत रंगवलेला पडदा, त्यावर कारंजं आणि एक राजहंस. त्या राजहंसाची मान आमच्या पेंटरनं बगळ्यासारखी केली होती, पण गिऱ्हाइकांनी कधी तक्रार केली नाही. मार्कंड्याच्या जत्रेत आम्ही तो पडदा गुंडाळून घेऊन जायचो. नवी जोडपी, मुंडण केलेली पोरं, घोंगडीवाले म्हातारे सगळे त्या बगळ्याच्या मानेशेजारी उभे राहून फोटो काढून घ्यायचे. मागच्या खोलीत लाल कागद लावलेला कंदील, फोटो धुवायच्या हायपोचा वास आणि वाळत टाकलेल्या फिती. माझ्या वरणाला हायपोचा वास येतो असं आत्या म्हणायची. यायचाही असेल, मला सवय होती.

पण बाबांचा जीव त्या पडद्यात नव्हता. त्यांना जंगलातलं जनावर हवं होतं, तेही पहाटेचं. पाण्यावर आलेलं हरीण आणि त्याच्यावर टपलेलं जनावर, दोन्ही एकाच फोटोत. लोक तेव्हा मेलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो काढायचे. तसले काढायला बाबांना बोलावणं आलं की ते जायचे, काढायचे आणि घरी येऊन दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. आता माझा नातू जिपड्यात बसून ताडोब्याला जातो आणि एका सकाळीत फोनमध्ये इतके वाघ भरून आणतो की पाहता पाहता मला डुलकी लागते. त्याला मी सांगते, बाबू, तेव्हा फिल्म मंद होती. पहाटेच्या उजेडात जनावर जरा हललं की फोटोत नुसता धूर यायचा. बाबांच्या पेटीत असले धूर भरपूर होते. चितळ पाणी पिताना एक घोट घेतं, मान वर करतं, कान हलवतं, शेपटी उडवतं. ते स्थिर होतं फक्त भ्यालं की. म्हणजे फोटो हवा तर हरणाला भीती वाटली पाहिजे, आणि ती वाटण्याआधी आपण तयार पाहिजे. ऐकू येणाऱ्या माणसाला ते जमेल. वानराचा खोकला, मोराची ओरड, पाचोळ्यात पडलेलं पाऊल, पहाटेचं सगळं जंगल कानानंच कळतं. आणि आमच्या बाबांच्या कानात रातकिडा.

म्हणून मी. मूल गावाच्या पलीकडे एका तलावाकाठी ढिवरांची थोडीशी घरं होती. तिथं सकूबाईच्या घरी आम्ही उन्हाळ्यात मुक्कामाला जायचो. सकूबाई म्हणजे उंच, काळीभोर, तंबाखूनं दात रंगलेली बाई. नवरा पहाटे जाळं घेऊन जायचा आणि ही मासोळी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायची. बोलायला लागली की थांबायची नाही. बाबांना ऐकू येत नाही हे तिला ठाऊक होतं, तरी त्यांच्याशीच सगळ्यात जास्त बोलायची. "भाऊ आयकत नाई तेच बरं हाये," म्हणायची, "आयकणारे उलटून बोलतेत." तिच्याकडची तांदळाची भाकर, लाखोळीचं घट्ट वरण आणि सुक्या झिंग्यांची चटणी, तशी चव मला पुन्हा कुठं मिळाली नाही. ती चटणी पाट्यावर वाटली जात असताना मी तिच्या पाठीला पाठ लावून बसायची. माझ्या घरात पाठीला पाठ लावायला कुणी नव्हतं, हे तिला न सांगता समजलं असावं. कधी सरक म्हणाली नाही.

दोरी सकूबाईनंच दिली, जाळं विणायच्या सुताची पीळ देऊन केलेली, लांबच लांब. तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, एक मोहाचं झाड होतं, त्यावर माझं मचाण. खाली, आटलेल्या तलावाच्या काठाशी पळसाच्या फांद्यांचा आडोसा, त्यात बाबा. मधून गवतातून ती दोरी. एक टोक माझ्या हातात, दुसरं बाबांच्या डाव्या मनगटाला. गाठ मारायलाही सकूबाईनं शिकवलं, जाळ्याची गाठ. ओढली की आवळते, कितीही हिसका द्या, सुटत नाही. सोडायची तर दोन बोटांनी हळू उकलावी लागते. एक झटका म्हणजे वानर ओरडलं. दोन झटके म्हणजे चितळानं कुकारा दिला. ओढून धरली तर मोठं जनावर आहे, हलू नका. बाबांनी उलट एक बारीक झटका दिला की समजायचं, कळलं. कधीकधी मात्र जंगल चिडीचूप असताना, काही कारण नसताना, तो बारीक झटका यायचा. मी परत एक द्यायची. त्याला आमच्या करारात अर्थ नव्हता. मी आपला लावला होता, की बाबा विचारतात, जागी आहेस ना? सबंध दिवसात ते मला एवढंच विचारायचे असं मला वाटायचं. हसू नका, पण त्या एका झटक्यासाठी मी अंधारात चाचपडत त्या मचाणावर चढायची.

मी मॅट्रिक झाले त्या उन्हाळ्यात नागपूरची आत्या आली. आली तीच ओरडत. भावाशी बोलायचं म्हणजे ओरडायचं हे तिला पाठ होतं. "पोट्टी हुशार आहे! माह्याकडे राहीन, कॉलेजात जाईन! तू काय तिले जंगलात झाडावर टांगून ठेवतं? माकड आहे का ते?" बाबा पडद्याची दोरी बांधत होते. ते म्हणाले, "पाहू." बाबांचं उत्तर नेहमी पाहू. घर शाकारायचं, पाहू. डॉक्टरला कान दाखवायचे, पाहू. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. पाणी भरायला गेले तर बाया विचारायच्या, "काऊन वो कुमे, नागपूरले चालली म्हणते?" मी काय सांगू? मला जायचं होतं. अगदी छाती फुटेपर्यंत जायचं होतं. पुस्तकं, मैत्रिणी, ओरडल्याशिवाय बोलता येईल असं घर. आणि त्याच वेळी मनात यायचं, की मी गेले तर यांच्या दोरीचं दुसरं टोक कोण धरेल? ते काही जंगल सोडायचे नाहीत. एकटे जातील, आडोशात बसतील, आणि मागून अस्वल येऊन उभं राहिलं तरी यांना कळणार नाही. हे मला बाबांना सांगायचं होतं. पण "बाबा, मी गेले तर तुम्ही मराल!" असं परकोटाच्या आत कुणी ओरडतं का?

आत्या गेली आणि बाबा म्हणाले, तलावावर जाऊ. सकूबाईला आमच्या आधी सगळं कळलेलं होतं, कसं ते देवाला ठाऊक. "जाय वो माय," मला म्हणाली, "शिकून मोठी हो. येथी काय, मासोळी अन् मोहफूल." मग वरणाची वाटी पुढे सरकवत थोड्या वेळानं म्हणाली, "पर भाऊचं कसं व्हईन मंग?" हाच तो प्रश्न. मी जेवले नाही. मला वाटलं, आज आडोशातून निघाल्यावर बाबांना तलावाकाठी गाठायचं आणि ओरडूनच विचारायचं. तिथं ऐकायला गल्ली नव्हती.

तांबडं फुटायच्या आधी मी मचाणावर होते. गार वारा, खाली पडून सुकलेल्या मोहफुलांचा आंबूस वास, पाण्यावर पांढरट वाफ. उन्हाळा सरत आला होता, तलावात मधोमध उरलेलं डबकं, भोवती भेगाळलेला चिखल. पलीकडच्या झाडीतून चितळं निघाली, एकामागून एक, पाय उचलून उचलून. दोन झटके द्यायला कुकारा नव्हता, म्हणून मी नुसतीच बसले होते. बाबांचा तो बिनकारणाचा झटका आज आला नव्हता. मी वाट पाहत होते. मग माझ्या मागच्या बाजूला वानर खोकलं. मी एक झटका दिला. उत्तर नाही. वानर पुन्हा खोकलं, आणि झाडीत लांब कुठं तरी शीळ वाजली, माणसाची वाटावी अशी. कोळसुनांची शीळ. रानकुत्र्यांना आमच्याकडे कोळसून म्हणतात. ती टोळीनं येतात आणि शीळ घालून एकमेकांना खुणावतात. मी दोरी ओढून धरली. धरली म्हणजे काय, ती ओढली गेली आणि येतच राहिली. हलकी. गवतातून सरसरत सगळी दोरी माझ्या मांडीवर येऊन पडली, आणि पलीकडे काहीच नव्हतं.

त्या क्षणाला काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. बाबांना नेलं, एवढंच डोक्यात. मनगट, हात, पुढचं काही डोळ्यांसमोर येऊ दिलं नाही. मचाणावरून उतरायचं नाही हा आमचा पहिला नियम. मी उतरले नाही, घसरले. दोन्ही पोटऱ्या सालपटल्या. परकर गुडघ्यापर्यंत धरून मी पारीवरून धावत सुटले, तोंडानं "बाबा, बाबा" चाललेलं, ज्याला ऐकू येत नाही त्याच्या नावानं. आणि पाण्यावरची सगळी चितळं थबकली. माना वर, कान माझ्याकडे, एका मोठ्या नरानं पुढचा पाय उचललेला तसाच. कुणाची शेपटीही हलत नव्हती. मला ती दिसली आणि मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पुढच्याच क्षणी त्यांच्या मागच्या झुडपांतून तांबूस अंगं सुटली, कळप फुटला, चिखल उडाला, एक मादी सरळ पाण्यात शिरली, आणि पुढचं जे व्हायचं ते झालं. कोळसुनांचं काम फार भराभर होतं. मी तोवर आडोशात पोचले होते.

बाबा धडधाकट बसले होते. कॅमेऱ्याची फिल्म पुढे सरकवत होते. चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला आनंद. "आला!" म्हणाले. "सगळे उभे राह्यले, कुमे! दगडासारखे!" मी त्यांच्या दंडाला धरून गदागदा हलवलं. दोरीचं बाबांकडचं टोक अजून माझ्या मुठीत होतं. आता मी ते पाहिलं. तुटलेलं नव्हतं, दातानं तोडलेलं नव्हतं. स्वच्छ, नुसता पीळ. गाठ उकललेली होती, दोन बोटांनी, हळू. "दोरी काऊन सोडली तुम्ही?" मी ओरडले. आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी ओरडले नसेन. "काऊन सोडली? मी मेली का तिकडे?"

इतक्यात शीळ ऐकून सकूबाईच्या वस्तीवरचे लोक काठ्या घेऊन पारीवर आले होते. आमच्याकडे रीतच आहे. कोळसुनांची शीळ ऐकू आली की माणसं धावतात, हाकारून त्यांना बाजूला करतात आणि मांस आणतात. सगळे चिखलात उतरले होते, आणि तिथं, त्या सगळ्यांच्या देखत, बाबा बोलले. त्यांना वाटलं आपण हळू बोलतो आहोत. त्यांचं हळू म्हणजे दुसऱ्या काठापर्यंत जाणारं. "तुले नागपूरले जायचं आहे नं? मंग? मी पाहून राह्यलो होतो, एकट्याले जमते का म्हणून." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, चिखलाचा. "जमते. हरणायच्या कानाकडे पाह्यलं की समजते. जाय तू."

मी रडले. सकूबाईनं मला पदराखाली घेतलं, तिच्या हाताला शिकारीचं रक्त लागलं होतं ते तसंच. लोकांनी मांस वाटून घेतलं आणि एक फरा पळसाच्या पानांवर काठालाच ठेवला, कोळसुनांचा वाटा. "त्याईची शिकार होये," सकूबाई म्हणाली, "त्याईले ठेवल्याशिवाय कसं घेवाव?" परत निघताना मी आडोशाच्या मागं वळले आणि थांबले. ओल्या मातीत कोळसुनांची पावलं होती, ताजी. काही थेट आडोशापर्यंत येऊन, वळून गेलेली. बाबा जिथं बसले होते तिथून हात मागं केला असता तर अंगाला लागला असता. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनीही पावलं पाहिली होती. चपलेनं ती माती इकडून तिकडे सारखी केली आणि कॅमेऱ्याची पेटी खांद्याला लावली. "चाल, ऊन व्हते," म्हणाले.

चांद्याला येऊन लाल कंदिलाखाली तो फोटो उगवताना आम्ही दोघांनी पाहिला. आधी पाणी आलं, मग पाय, मग सगळ्यांचे ते कान. एकही हललेलं नाही. मागच्या झुडपात बारीक पाहिलं तर दोन-तीन पुसट अंगं, धुरासारखी, पण कोळसूनच. हरीण आणि त्याच्यावर टपलेलं जनावर, एकाच फोटोत. "मले मालूम होतं ते मागं आहेत," बाबा म्हणाले, "त्याच्यासाठीच तं थांबलो होतो." थापा. पण मी काही बोलले नाही. मला नागपूरला जायचं होतं, आणि त्यांना मला पाठवायचं होतं, आणि त्या थापेवाचून दोघांनाही ते जमलं नसतं. पावसाळ्याआधी आत्याकडे गेले. ट्रंकेत खाली ती दोरी ठेवली.

नागपूरला सगळं होतं. पुस्तकं होती, मैत्रिणी होत्या, हळू बोललेलं ऐकणारी माणसं होती. पहिल्या वर्षी तर पहाटे जाग आली की हात अंथरुणात काही तरी चाचपायचा आणि मला इतकं एकटं वाटायचं की मी उशी तोंडात कोंबायची. सुट्टीत घरी गेले की पहिला प्रश्न माझा, गल्लीला ऐकू जाईल असा, "तलावावर गेले होते का?" बाबा म्हणायचे, "गेलो होतो. काही भेटलं नाई." दर सुट्टीत तेच. त्यांच्या पेटीत नवे फोटो जत्रेचेच असायचे, बगळ्याच्या मानेचे. मी समजायची, नशीब नाही, हलत असतील हरणं.

पुढे शिकून नोकरीला लागले त्या साली मार्कंड्याच्या जत्रेत मला सकूबाई भेटली. नदीच्या वाळूत टोपली घेऊन बसलेली. मला ओळखलं आणि गालावरून हात फिरवत राहिली. मी म्हटलं, बाबा येतात तेव्हा त्यांच्याकडे लक्ष ठेवत जा, एकटेच बसतात, ऐकू येत नाही. ती माझ्याकडे पाहतच राहिली. "कोण येते?" म्हणाली. "तू गेली अन् भाऊ एकदाही नाई आले, माय. मी वाट पाह्यली अन् मंग त्या आडोशाच्या फांद्या चुलीत घातल्या. मोप पावसाळे झाले त्याले."

तो फोटो आता माझ्या बैठकीत आहे. येणारा जाणारा विचारतो, ही हरणं कशाला भ्याली आहेत, वाघ होता का? मी सांगते, नाही, मी होते. लोकांना वाटतं म्हातारी विनोद करते. मला मात्र त्या हरणांची दया येते. संकट त्यांच्या मागं उभं होतं आणि ती पाहत होती परकर धरून धावणाऱ्या एका पोरीकडे. मीही तसंच केलं. बाबांना जनावर नेईल या भीतीनं मी इतकी वर्षं अर्धी झाले, आणि ते घरात त्या पडद्यापुढे, कानातल्या रातकिड्यापाशी एकटे बसून होते, तिकडे मी पाहिलंच नाही.

जत्रेतून मी त्याच संध्याकाळी चांद्याला आले. बाबा माझ्याआधीच जत्रेतून परतून पडद्यातली वाळू झटकत होते. मी जेवायला वाढलं, लाखोळीचं वरण केलं होतं. मी नेहमीसारखंच विचारलं, "तलावावर गेले होते का?" त्यांनी ताटातून मान वर केली नाही. "गेलो होतो. आत्ताच मांगच्या आठवड्यात. सगळे हलले." मला सगळं बोलायचं होतं, पण समोरच्या घरातली म्हातारी अजून जिवंत होती. मी उठले, ट्रंकेतून दोरी काढून आणली, त्यांच्या डाव्या हाताला धरून मनगटाला जाळ्याची गाठ मारली आणि दुसरं टोक घेऊन चुलीपाशी जाऊन बसले. बाबा त्या गाठीकडे पाहत राहिले. "उद्या पहाटे जाऊ," मी ओरडले, "दोघं!"

बाबा भात कालवत राहिले. मग बऱ्याच वेळानं माझ्या हाताला तो बारीक झटका लागला, कारण नसलेला. मी परत एक दिला.

"पाहू," बाबा म्हणाले.